तुम्ही विचारलंत म्हणून: आईबाबांचं ऐकायचं की बाहेरच्या जगाचं?

नागपुरात शिकायला, नोकरीला आलेली मुलं-मुली हे पुन्हा पुन्हा विचारतात. जातीबाहेर लग्न करायचंय, घरचे नाही म्हणतात, बाहेर सगळे म्हणतात तुझं तू ठरव. ऐकायचं कोणाचं?

आधी तो नकार सोडवून बघा. श्रद्धा, भीती आणि व्यवहार यांचं ते गाठोडं असतं. "आपल्यात नाही चालत" म्हणाले की वाद घालू नका. विचारा, नेमकं कोण काय म्हणेल? बहुधा दोन-तीन नावंच निघतात: मोठे काका, आत्या, समाजाच्या मंडळातलं कुणी. आणि खाली दडलेलं असतं ते धाकट्या बहिणीचं लग्न. "तिला स्थळं येतील का मग?" या भीतीपुढे संविधानाची कलमं वाचून काही होत नाही. बहिणीशी मोकळं बोला, काकांना स्वतः जाऊन भेटा.

श्रद्धेचं वेगळं. कुळाचार, उपास, मांसाहार यांत काय पाळणार ते दोघांनी आधी ठरवा आणि तेवढंच कबूल करा. घाईत "सगळं करू" म्हटलेलं पहिल्याच महालक्ष्म्यांना अंगावर येतं. पण समोरचा खालच्या जातीचा म्हणून नकार असेल, तर तिथे तडजोड करू नये. आईबाबांवरची माया ठेवा, ती समजूत ठेवू नका.

आजी-आजोबांनाही विचारा. १४ ऑक्टोबर १९५६ला याच शहरात लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत जन्माचा धर्म सोडून बौद्ध धम्म स्वीकारला. तेव्हाची पोरं आज काही घरांत पणजोबा आहेत. देव्हारा उतरवताना घरात काय बोलणं झालं, ते त्यांच्याकडून ऐकाच.

सगळ्यात जास्त बिघडतं ते निरोपामुळे. "बाबांना तू सांग" म्हणून आईला पुढे केलं की दोन्हीकडची बोलणी तिलाच बसतात. दोघांना समोर बसवून स्वतः सांगा, आणि विवाह अधिकाऱ्याकडे लग्नाची नोटीस देण्याआधी सांगा. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार दोघांपैकी एकजण जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेला हवा. मग नोटीस लागते, ३० दिवस थांबावं लागतं, तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद. तुमचं कायमचं घर यवतमाळला असेल, तर एक प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयातही लागते. गावातल्या कुणी वाचून बाबांना फोन केला, की पुढे बोलायला जागाच उरत नाही. "आमची संमती नाही" हा मात्र कायद्याने आक्षेप ठरत नाही. मुलगी १८ची, मुलगा २१चा पूर्ण हवा. दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असाल तर १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने नोटिशीशिवाय लग्न होतं. पण विधी व्हायलाच हवेत, नुसती नोंदणी पुरत नाही.

हे सगळं घरात धोका नसेल तर. मारण्याची धमकी, कोंडून ठेवणं, फोन काढून घेणं सुरू झालं असेल तर समजावणं थांबवा आणि ११२ लावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये अशा जोडप्यांना संरक्षण देण्याचे आणि जिल्ह्यांत विशेष कक्ष उघडण्याचे निर्देश दिले आहेत. कुणाला डांबून ठेवलं असेल तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जोडीदार किंवा मित्रही अर्ज करू शकतो. टीसी, जन्मदाखला, आधार, गुणपत्रिका यांच्या मूळ प्रती घरच्या कपाटात अडकलेल्या असतात. त्या आधीच जवळ ठेवा.