चित्राला हात लावा: आमची वाटचाल

मी जी.डी. आर्ट म्हणजे चित्रकलेचा सरकारी डिप्लोमा केला आणि बरीच वर्षं शाळांच्या भिंती रंगवायची कामं घेतली, फळं, आकडे, नकाशे वगैरे. एकदा अंध मुलांच्या निवासी शाळेत काम मिळालं आणि तिथे मुलं विचारायची, ताई आज काय काढलं? सांगून सांगून किती सांगणार, म्हणून घरी प्लायवर सुतळी, चाळलेली वाळू, एम-सील आणि फेविकॉल घेऊन पहिलं उठावाचं चित्र केलं. आता आमचं तेच काम आहे, हाताने बघायची चित्रं. पुण्यात छोटी शेड आहे, मोजकी माणसं आहोत, त्यातला एक दादा जन्मापासून अंध आहे आणि पॅनल पास का नापास ते तोच ठरवतो, त्याच्या होकाराशिवाय माल बाहेर जात नाही.

सगळ्यात जास्त मागणी तारपा नाचाच्या पॅनलला आहे, तारपा म्हणजे वारली लोकांचं फुंकून वाजवायचं वाद्य, ते वाजवणाऱ्याभोवती हातात हात धरून नाचतात. वारली चित्र बोटांना लवकर कळतं कारण माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, शेडिंग नाही काही नाही. पण मूळ चित्रात गर्दी फार असते आणि दोन आकृत्यांमध्ये बोट मावेल एवढी जागा नसली तर बोटाला सगळा एकच गोळा लागतो, म्हणून माणसं कमी केली, मोठी केली, आणि हातात हात धरलेली रेघ मात्र कुठेही तुटू दिली नाही. त्या रेघेवरून बोट फिरत फिरत बरोब्बर मधल्या तारपावाल्यापाशी येतं. तारप्याला आम्ही खऱ्या वाळलेल्या भोपळ्याची साल लावतो, कारण खरा तारपाही भोपळ्याचाच असतो. मूळ रेखाटन डहाणूकडच्या वारली कलाकाराकडून पैसे देऊन घेतो आणि त्याचं नाव ब्रेलमध्ये आणि साध्या अक्षरात, दोन्हीत लावतो. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, पण त्या भागातले कितीतरी हात अजून बिननावाचेच राहतात, मला ते पटत नाही.

दिल्लीच्या नॅशनल म्युझियममध्ये २०१५ पासून स्पर्शाने बघायची 'अनुभव' गॅलरी आहे, आणि दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, त्यामुळे हल्ली शाळा आणि संग्रहालयं स्वतःहून विचारतात. तरी एका ठिकाणी पॅनल घाण होईल म्हणून काचेच्या फ्रेममध्ये, तेही डोक्याच्या वर लावायला सांगितलं होतं. ते काम आम्ही सोडलं. आमचं पॅनल टेबलासारखं तिरकं बसतं, खाली व्हीलचेअर जाते, आणि झिजलं की आम्ही येऊन परत लेप देतो, झिजलं म्हणजे वापरलं गेलं, यात मला आनंदच आहे.

शाळांच्या वर्कशॉपमध्ये लोक हमखास म्हणतात मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधा, म्हणजे त्यांना कळेल. आम्ही बांधत नाही. पट्टी बांधली की मूल घाबरतं, अडखळतं, आणि घरी जाऊन म्हणतं बिचारे किती त्रासात असतात. त्याऐवजी एक दिसणारं आणि एक न दिसणारं मूल एकाच पॅनलला बसवतो. एक रंग सांगतो, दुसरा बोटाखाली काय लागतंय ते सांगतो, आणि बऱ्याचदा न दिसणारं मूलच दुसऱ्याचा हात धरून म्हणतं, अरे इथे नाही, इथे बघ, याचा पाय वर आहे. मग भांडणं होतात, हसतात, डबा एकत्र खातात. बिचारा हा शब्द नंतर येतच नाही.

सध्या वारीचं पॅनल चालू आहे. पताका कापडाच्या, वीणेला खरी तार, विठ्ठलाचे कटेवरचे हात दादाच्या आग्रहाने अंगापेक्षा जाड केलेत, तो म्हणतो आधी तेच सापडले पाहिजेत. टाळ खरे पितळेचे लावायचे का यावर चर्चा अडलीये, बाकीचे म्हणतात पोरं वाजवतच बसतील, माझं म्हणणं वाजवू देत ना.