लाल रिंगवालीचं चॉकलेटी अंडं

माझ्या सात नंबरच्या कोंबड्याच्या पाच लेकींनी ओळीने ऑलिव्ह (निळ्यावर तपकिरी चढून होणारी हिरवट) अंडी दिली तेव्हा मी पेढे वाटायच्या बेतात होतो: निळ्या अंड्याचं जनुक त्याच्यात डबल, म्हणजे दोन्ही प्रतींत, असणार! कोंबडा निळ्याचा सिंगल (एकच प्रत असलेला) असता, तर मारान (गडद तपकिरी अंड्यांची जात) माद्यांपासून पाचही तलंगा हिरव्या अंड्यांच्या निघण्याची शक्यता 32 मध्ये 1. सहाव्या, लाल रिंगवालीने चॉकलेटी अंडं घातलं आणि गणित कोसळलं.

गडद थराखाली निळा दडतो, म्हणून अंडं फोडून पापुद्रा ओला असतानाच नखाने सोलला. आतून पांढरंशुभ्र. निळा रंग कवचात आरपार मुरतो, तपकिरी शेवटी वरून चढतो. म्हणजे इथे निळा नाहीच. ट्रॅपनेस्टमुळे (कोंबडी आत शिरली की दार बंद होणारं घरटं) अंडं तिचंच, यातही वाद नाही.

वाद बापाचा. ती ज्या अंड्यातून निघाली त्यावरची पेन्सिलीची तारीख वहीत आहे: जुना मारान कोंबडा हलवून दोन आठवडेही झाले नव्हते. कोंबडीच्या पोटात बीज दोन-तीन आठवडे सहज टिकतं. (अ‍ॅपवाले पिल्लू निघाल्याची तारीख विचारतात, अंडं घातल्याची नाही. म्हणून मी दोनशे पानी वहीवरच आहे.)

तिला हिशेबातून वगळून नवी बॅच लावायची, असं इथे लिहायला घेतलं आणि एकदम सुचलं: पट्टे! लेकीला पट्ट्यांचं जनुक फक्त बापाकडून येतं. मारान बिनपट्ट्याचा, सात नंबर आजीच्या लेगबार (निळ्या अंड्यांची पट्टेदार जात) रक्तामुळे पट्टेदार. लेगबार घडवणारे केंब्रिजचे पनेट म्हणजे ते जनुकांचा हिशेब मांडायच्या चौकटवालेच, त्यांनी पट्टे घातले ते पिल्लांचे नर-मादी ओळखायला; माझ्याकडे ते पितृत्वाच्या खटल्यात कामाला आले. बॅटरी घेऊन खुराड्यात गेलो, पेंगुळलेल्या लाल रिंगवालीचा पंख उलगडला. काळ्या पिसांवर आडवे, राखाडी पट्टे.

म्हणजे बाप सात नंबरच, आणि तो सिंगल.

आता त्याला लेगबार माद्यांवर सोडतो. निम्मी पिल्लं डबल निघतील, तपकिरी फिकटेल ते नंतर बघू. नरांची पिसं डीएनए चाचणीला पाठवीन, लेकी वयात येईपर्यंत थांबायचा पेशन्स आता नाही.

अंड्यांचा रंग जुळवून बघायला शेडकार्डाचं मात्र जमलं. रंगाच्या दुकानातलं फुकटचं कार्ड फोनच्या फोटोपेक्षा शंभरपट भरवशाचं. हंगाम सरतो तसा तपकिरी उतरतो, म्हणून प्रत्येकीची फक्त पहिली दहा अंडी जुळवतो, तीही उत्तरेच्या खिडकीत.