बिशानच्या पार्कात नदी वर आली तेव्हा

सिंगापूरला आम्ही नऊ दिवस होतो, मी आणि आई. त्यातल्या आठ दिवसांचं वर्णन इथे करत नाही, सेंटोसा झालं, झू झालं, गार्डन्स बाय द बे मधली ती उंच लोखंडी झाडं रात्रीच्या लाइटिंगमध्ये दोनदा बघून झाली, लिटल इंडियात दिवाळीची तोरणं अजून होती तिथे आईने केळीच्या पानावर पोटभर जेवून घेतलं. सगळं छान होतं. पण मला लिहायचंय ते एका दुपारबद्दल, साधारण चार ते सहाच्या मधल्या, आणि त्या जागेला तिकीटच नाही.

माझा धाकटा भाऊ आंग मो किओ भागात राहतो, बाराव्या मजल्यावर, सरकारी हाउसिंगच्या फ्लॅटमध्ये. तिथे बहुतेक सगळे असल्याच बिल्डिंगांत राहतात, एचडीबी म्हणतात त्याला. रस्ता क्रॉस केला की समोर बिशान-आंग मो किओ पार्क. टूरिस्ट लोक तिकडे फारसे फिरकत नाहीत, टूरवाल्यांच्या यादीतही नसतं. सकाळी आजी-आजोबांचे ताई चीचे ग्रुप, संध्याकाळी ऑफिसवरून आलेले लोक, कुत्री, सायकली, शाळेची पोरं. आणि मधून नदी वाहते. कलांग नदी.

नदी म्हणजे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ओढाच वाटला. घोट्याएवढं पाणी, मधे मोठमोठे दगड ठेवलेले, त्यावरून पाय ठेवत पलीकडे जायचं. दोन्ही बाजूला उतरतं गवत, कडेला वेतासारखी उंच पाती, कुठे रेलिंग नाही, कुठे जाळी नाही, भिंत तर नाहीच. मला सगळ्यात आधी हेच जाणवलं, भिंत नाही. आमच्याकडे पाणी म्हटलं की भिंत असते.

आता इथे आईबद्दल सांगायला लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही पुण्यात अरण्येश्वरच्या बाजूला राहतो, बिल्डिंगच्या मागून आंबिल ओढा जातो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री जे झालं ते पुण्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. कात्रजच्या डोंगरावर पाऊस पडला आणि ओढा आमच्या सोसायटीची भिंत पाडून आत आला. आम्ही तळमजल्यावर होतो. आई पाणी भरून ठेवायला मागच्या गॅलरीत गेली होती, तेवढ्यात दाराखालून पाणी यायला लागलं आणि दहा मिनिटांत छातीला लागलं. वरच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यातून हात देऊन तिला ओढून घेतलं. पार्किंगमधल्या गाड्या एकावर एक चढल्या होत्या. त्या रात्री ओढ्याकाठची कितीतरी माणसं गेली, आमच्या ओळखीची दोन घरं उघड्यावर आली. आम्ही नंतर दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला गेलो, बिल्डिंग तीच. पण आई अजून पावसाळ्यात रात्री उठते, मागच्या खिडकीत जाऊन बॅटरी मारून ओढा बघते आणि मग झोपते. रोज. जून ते ऑक्टोबर.

तर त्या दुपारी आम्ही तिघी पार्कात होतो, मी, आई आणि माझी सात वर्षांची भाची. नोव्हेंबरमध्ये तिकडे दुपारी ढग येतातच, सकाळभर भाजून निघतं आणि मग चारच्या सुमाराला एकदम काळं. घामाने आधीच जीव नकोसा झालेला, मला तर कधी एकदा पाऊस पडतो असं झालं होतं. भाची पाण्याच्या कडेला बसून छोटे मासे बघत होती, आई तिच्यामागे तीन हातांवर उभी, पर्स छातीशी धरून. गडगडलं. थेंब यायच्या आधीच भोंगा वाजला.

मोठा भोंगा. त्याच्याबरोबर खांबावरचे दिवे लुकलुकायला लागले आणि बाईच्या आवाजात अनाउन्समेंट, नदीपासून लांब व्हा म्हणून. आईने माझा दंड धरला. इतका घट्ट की संध्याकाळी वळ दिसत होते. तिचा चेहरा पांढरा पडला, ती काही बोलेना, मला पण क्षणभर काही सुचेना. तेवढ्यात भाची उठली, चपला हातात घेतल्या आणि एकदम शांतपणे म्हणाली, "आत्या, चल वर. लाइट लागली की वर जायचं असतं. आजी, माझा हात धर."

आणि सगळेच वर निघाले होते. कुणी पळत नव्हतं. स्ट्रोलरवाली बाई, कुत्रं घेऊन आलेला म्हातारा, शाळेच्या युनिफॉर्ममधली चार पोरं, सगळे त्या उतरत्या गवतावरून तिरके तिरके वर चढत होते. उतार इतका हलका आहे की आई, जिला गुडघ्यांमुळे जिना चढताना दोनदा थांबावं लागतं, ती न थांबता वर आली. मी हे नंतर खूप वेळा आठवलं. जिना असता तर? भिंत आणि त्यात एकच गेट असतं तर? तिथे कुठूनही, कुठल्याही बाजूला वर जाता येत होतं, सगळा काठच वाट होता.

वर एक छप्पर असलेली जागा आहे तिथे आम्ही थांबलो. पाऊस आला तो आपल्याकडच्या वळवाच्या पावसाच्या दुप्पट. पंधरा-वीस मिनिटांत नदी बदलली. आधी पाण्याचा रंग चहासारखा झाला, मग ज्या दगडांवरून आम्ही पलीकडे गेलो होतो ते एकेक करून दिसेनासे झाले, मग भाची बसली होती ती जागा गेली, मग खालचं गवत. पण ते पाणी अंगावर येत नव्हतं. मी किती वेळ शब्द शोधतेय याला, ते पसरत होतं. एखादं माणूस दमून येऊन ऐसपैस बसतं तसं. गवताची पाती पाण्याखाली आडवी होत होती, त्यांची टोकं प्रवाहात हलताना दिसत होती, झाडांच्या बुंध्यांना वळसा घालून पाणी पुढे जात होतं.

आई बघत होती. तिने माझा हात सोडलेला नव्हता पण पकड सैल झाली होती. शेजारी एक चिनी आजी उभ्या होत्या, त्यांनी आईकडे बघितलं, पिशवीतून टिश्यूचं पाकीट काढून पुढे केलं आणि हाताने खुणा करून सांगितलं की इथवर येतं, याच्या वर येत नाही, आणि मग जातं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईने मान हलवली आणि मराठीतच विचारलं, "नक्की ना?" त्या आजी हसल्या, त्यांनीही मान हलवली.

साधारण साडेपाचला पाऊस थांबला. सहापर्यंत पाणी उतरायला लागलं होतं, वरचे दगड परत दिसायला लागले.

रात्री मला झोप लागेना म्हणून मोबाइलवर वाचत बसले. हा पार्क १९८८ चा. नदी तेव्हा नदीच नव्हती, सिमेंटचा सरळसोट कालवा होता, २.७ किलोमीटर लांबीचा. पूर येऊ नये म्हणून आधीच्या काळात तिथल्या नद्या अशा सिमेंटमध्ये बांधून काढल्या होत्या, पाणी जितक्या लवकर समुद्राकडे पळवता येईल तितकं बरं हा विचार. जे आजही आपण करतोय तेच. मग २००६ मध्ये तिथल्या पाणी खात्याने ठरवलं की नाले, कालवे, तलाव हे लोकांना वापरता येतील, जवळ जाता येईल असे करायचे. २००९ ला इथे काम सुरू झालं. हर्बर्ट ड्रायझाइट्ल म्हणून एक जर्मन लँडस्केप आर्किटेक्ट, त्यांच्या टीमचं डिझाइन. कालवा फोडला आणि नदीला तिची वळणं परत दिली, त्यामुळे २.७ किलोमीटरची लांबी ३.२ झाली. कालवा जास्तीत जास्त २४ मीटर रुंद होता, आता मोठ्या पावसात पाणी शंभरेक मीटरपर्यंत पसरू शकतं. म्हणजे तो जो उतार मी बाग समजत होते ती बाग पण आहे आणि नदीचं पात्र पण आहे, कोरड्या दिवशी माणसांचं, पावसात नदीचं. २०१२ ला हे लोकांसाठी खुलं झालं.

मला सगळ्यात आवडलं ते काठ धरून ठेवायचं काम. सिमेंट न वापरता माती वाहून जाणार नाही अशी करायची, तर कुठली पद्धत तिथल्या पावसात टिकते हे आधी कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी पार्कातल्याच एका बाजूच्या नाल्याचा ६० मीटरचा तुकडा घेतला आणि त्यावर दहा पद्धती लावून बघितल्या, फांद्यांच्या जुड्या बांधून पुरणं, दगडांच्या फटींत झाडांच्या काड्या खोचणं, आपल्याकडे पाणलोटवाले करतात तसल्या जाळीत भरलेल्या दगडांच्या गॅबियन भिंती, असं. जे टिकलं ते नदीला लावलं. मुळं जशी वाढतात तसा काठ दरवर्षी आणखी पक्का होतो. सिमेंटची भिंत नवी असते तेव्हाच मजबूत, त्यानंतर फक्त जुनी होते, हे मला आमच्या पडलेल्या भिंतीचे तुकडे बघून माहीत होतं.

फोडलेल्या कालव्याचं सिमेंट टाकून नाही दिलं. त्याच्या लाद्या रचून पार्कातच एक टेकडी केलीय, रिसायकल हिल. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्यावर जाऊन बसलो. पलीकडच्या भागात पाणवनस्पतींच्या पायऱ्यापायऱ्यांच्या वाफ्यांतून तळ्याचं पाणी गाळून स्वच्छ करतात, मुलांच्या पाण्याच्या खेळाला तेच पाणी जातं. ऊद म्हणजे पाणमांजरं इथे येतात म्हणून भाचीने तीन दिवस वाट बघायला लावली, आम्हाला काही दिसली नाहीत, त्याचं वाईट वाटलं. बगळे भरपूर, आणि एक खंड्या अगदी हाताच्या अंतरावर.

सगळंच गोड लिहिणार नाही. दुपारी अकरा ते चार तिथे बसणं अशक्य आहे, सावली कमी पडते, नदीकाठी तर अजून कमी. चांगला चहा पार्कात मिळत नाही, बर्गरचं दुकान आहे. आणि असली जागा प्रत्येक शहरात मिळणार नाही हे मला कळतं, इथे आधीपासून मोठा पार्क होता म्हणून नदीला जागा देता आली. आमच्या ओढ्याच्या दोन्ही काठांना आमचीच घरं आहेत, त्यांना कुठे हलवणार, गरिबाचंच घर आधी हलवतात हे पण दिसतं. पण जिथे अजून मोकळं आहे तिथे तरी? पुण्याला तर बागेखालचं पाणी नवीन नाही, आई रोज ज्या सारसबागेत फिरायला जाते ते मुळात तळं, म्हणूनच तो तळ्यातला गणपती. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो आणि आपण सगळे लकडी पुलावरून बघायला जातो. नदीला पसरायला जागा लागते हे पुण्यातल्या शेंबड्या पोराला पण माहितीये. तरी आपण दरवर्षी पात्रात थोडा भराव टाकतो, थोडी भिंत पुढे सरकवतो, आणि त्यावर लाद्या घालून बाकडी ठेवली की त्याला सुशोभीकरण म्हणतो. मला याचा राग येतो, मनापासून येतो, कारण माझी आई बॅटरी घेऊन खिडकीत उभी असते.

परत निघायच्या दिवशी फ्लाइट रात्रीची होती. भाऊ म्हणाला मुस्तफाला जाऊ, शेवटची खरेदी. आई म्हणाली मला त्या नदीवर जायचंय. गेलो. आदल्या दिवशी परत पाऊस झालेला, गवतावर पाण्याने आणून सोडलेल्या पानांची आणि काड्यांची एक वेडीवाकडी रेघ होती, जिथपर्यंत पाणी आलं होतं तिथपर्यंत. एक कामगार दाताळ्याने ती पानं ओढून गोळा करत होता. आई त्या रेघेपाशी जाऊन उभी राहिली, चप्पल रेघेला टेकवली, आणि भावाच्या बिल्डिंगच्या दिशेने चालायला लागली. मोठ्याने मोजत. मी मागून, काही न बोलता. मधे सिग्नलला थांबलो तेव्हाही ती आकडा तोंडात धरून होती. बिल्डिंगच्या पहिल्या पायरीशी दोनशे चौदा.

पुण्यात पोचलो त्या दिवशी सामान जिन्यातच ठेवलं आणि ती मागे गेली. भिंत सोसायटीने परत बांधलीय, आधीपेक्षा दोन फूट उंच. आई भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तिथून जिन्यापर्यंत आली.

अकरा.