स्प्लिटर बसवावा चासीला, बंपरला नव्हे

स्पोर्ट्स कारच्या पुढच्या बंपरखाली एक काळी पट्टी चिकटवली की स्प्लिटर लागला, असा समज बराच रूढ आहे. टेप आणि चार स्क्रू यांच्या भरवशावर टिकलेली ती पट्टी दिसायला छान असेलही, पण तिला मी स्प्लिटर म्हणणार नाही. खरा स्प्लिटर म्हणजे नाकाखालून थोडी पुढे आलेली आणि गाडीच्या पोटाखाली बरीच मागे, जमल्यास पुढच्या चाकांच्या आसाजवळपर्यंत गेलेली ताठ, सपाट फळी. बंपरवर आदळणारी हवा तिच्यावर तुंबते आणि तिथला दाब वाढतो. खालची हवा मात्र फळी आणि रस्ता यांच्यामधल्या अरुंद जागेतून वेगाने निघते, त्यामुळे तिचा दाब घटतो. या फरकामुळे नाक खाली दाबले जाते. लोकांच्या नजरेत पुढची कड भरते, पण कामाचा मोठा वाटा न दिसणाऱ्या खालच्या पृष्ठभागाचा असतो.

नाकावरचा हा खाली ढकलणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी १०० किलोमीटर वेगाला जेवढा असेल, त्याच्या चौपट २०० ला. बंपरचे प्लास्टिक कवच एवढा भार पेलण्यासाठी बनवलेलेच नसते. म्हणून ब्रॅकेट चासीला (गाडीच्या मूळ सांगाड्याला), सबफ्रेमला (त्याला जोडलेल्या, इंजिन किंवा सस्पेंशन पेलणाऱ्या चौकटीला) किंवा बंपरच्या आतल्या धातूच्या बीमला बोल्टने जोडावेत. पुढच्या कडेला आधार देणारे रॉड बहुतेकांना शोभेचे वाटतात, पण वेगात कड खाली जाऊ लागते तेव्हा सगळी ओढ त्यांच्यावर येते. त्यांचे वरचे टोकही त्या बीमलाच हवे. ढोबळ कसोटी अशी, की एक प्रौढ माणूस पुढच्या कडेजवळ उभा राहिला तरी फळी जाणवण्याइतकी वाकता कामा नये.

साहित्यात माझी पसंती १२ मिलिमीटर जाडीच्या बर्च प्लायवूडला आहे. कार्बन फायबर हलके आणि देखणे असते, पण जमिनीला घासणारच असलेल्या भागावर इतका खर्च करणे मला पटत नाही. प्लायवूडच्या कापलेल्या कडा मात्र रंग किंवा रेझिन लावून बंद कराव्यात, नाहीतर पाणी शिरून थर सुटतात. बोल्टची डोकी खालून फळीत बुडवावीत, वरून मोठे वॉशर घालावेत, आणि बंपर व फळी यांच्यामधली फट रबराच्या पट्टीने बंद करावी, कारण वर साठलेली हवा तिथून खाली गळली तर मेहनतीचा बराच भाग वाया जातो. हे सारे करताना गाडी जॅक-स्टँडवर असावी, नुसत्या जॅकवर कधीही नव्हे.

उंची लावण्यापूर्वी सपाट जमीन, ठरलेला टायरचा दाब, नेहमीइतके इंधन आणि चालकाचे वजन, ही सगळी परिस्थिती धावताना असते तशीच हवी. मग डावीकडे, उजवीकडे आणि मध्ये मोजावे. पुढची कड मागच्यापेक्षा किंचित खाली चालेल, वर मुळीच नको. फळी जमिनीच्या जितकी जवळ, तितका नाकावरचा दाब अधिक, हे एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. त्याखाली हवेची वाटच कोंडते आणि नाकावरचा दाब अचानक कमी होतो. जोरात ब्रेक लावल्यावर नाक झुकते, म्हणून कमीत कमी उंची उभ्या गाडीवर नव्हे, तर त्या झुकलेल्या अवस्थेवरून ठरवावी. खालचे ओरखडे येथे उपयोगी पडतात: फक्त पुढची कड घासली असेल तर बहुधा ब्रेकिंगचा, एकच बाजू घासली असेल तर वळणातल्या कलण्याचा संशय घ्यावा.

पुढे दाब वाढवताना मागचा विचार सुटू नये. १९९८ साली आलेल्या पहिल्या ऑडी टीटीचा मागचा भाग अतिवेगात हलका पडत होता. अपघातांनंतर कंपनीने तिला मागे छोटा स्पॉयलर (हवेने होणारी उचल कमी करणारी पट्टी) दिला. मागे विंग (हवेच्या जोरावर मागचा भाग खाली दाबणारा पंख) नसलेल्या गाडीला मोठा स्प्लिटर लावला, तर तिचा तोलही त्याच दिशेने ढळतो. मंद वळणात गाडी पूर्वीसारखीच वागत असेल आणि वेगवान वळणात मात्र मागची बाजू सुटत असेल, तर स्प्रिंगकडे वळण्यापूर्वी विंगचा कोन वाढवून पाहावा. विंग नसेल, तर फळीची पुढची कड थोडी थोडी कापत जावे. प्लायवूड असल्यास त्यासाठी साधी करवत पुरते.