रेगेन्सबुर्ग: दगडांवर दगड रचलेले शहर

जर्मनीतील म्युनिकहून रेल्वेने साधारण दीड तासात रेगेन्सबुर्गला पोहोचता येते आणि स्थानकापासून जुने शहर पायी चालण्याच्या अंतरावर आहे. पंधराव्या शतकापर्यंत येथील व्यापार न्यूर्नबर्ग आणि आउग्सबुर्गकडे वळला होता. जुनी घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसा नंतर शहरात फारसा आलाच नाही. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावातूनही जुना भाग बराचसा वाचला, म्हणून २००६ साली युनेस्कोने ज्या वस्तीला जागतिक वारसा ठरवले ती आज अस्सल मध्ययुगीन स्वरूपात पाहता येते.

मी सुरुवात पोर्टा प्रेटोरियापासून केली. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळात, इ. स. १७९ मध्ये, डॅन्यूब नदीच्या काठी रोमन सैन्याची छावणी पूर्ण झाली. तिचे हे उत्तरेकडील द्वार. पुढे ते बिशपच्या इमारतीत इतके बेमालूम सामावले गेले की थेट १८८५ मध्येच ते पुन्हा उजेडात आले. पांढऱ्या गिलाव्याच्या भिंतीतून बाहेर आलेले ते प्रचंड, काळवंडलेले चिरे पाहताना मला या शहराची रीत कळली: येथे जुने टाकून दिले जात नाही, त्याच्याच आधाराने नवे उभे राहते. जवळच्या सेंट पीटर कॅथेड्रलमध्येही हेच दिसते. आजची गॉथिक वास्तू १२७३ च्या आगीनंतर उभारायला घेतली, पण आधीच्या चर्चचा एक मनोरा तिच्या कुशीत तसाच ठेवला आहे.

मात्र हीच रीत किती क्रूर होऊ शकते, हे नॉयफारप्लाट्झ या चौकात समजते. येथे ज्यूंची मोठी वस्ती होती. जानेवारी १५१९ मध्ये त्यांना संरक्षण देणारा सम्राट पहिला मॅक्सिमिलियन मरण पावला आणि काही आठवड्यांतच नगरपरिषदेने त्यांना हाकलून दिले, प्रार्थनागृह पाडले आणि दफनभूमी उद्ध्वस्त केली. तेथील कबरींचे दगड विजयचिन्हे म्हणून घरांच्या भिंतींत बसवले गेले. हिब्रू अक्षरे कोरलेले असे काही दगड आजही गावात दिसतात. प्रार्थनागृह पाडण्यापूर्वी त्याची दोन चित्रे आल्ब्रेष्ट आल्टडॉर्फर या चित्रकाराने कोरून ठेवली आणि तो स्वतः नगरपरिषदेचा सदस्य होता, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करून गेली. शिल्पकार डानी कारावान यांनी २००५ मध्ये त्या वास्तूचा आराखडा पांढऱ्या काँक्रीटमध्ये जमिनीवर साकारला आहे. लोक त्यावर बसतात, मुले खेळतात, आणि ते मला योग्यच वाटले.

जुन्या नगरभवनात १६६३ ते १८०६ पर्यंत पवित्र रोमन साम्राज्याची, म्हणजे मुख्यतः जर्मन राज्यांच्या संघाची, कायमस्वरूपी संसद भरत असे. ते मार्गदर्शकासोबतच पाहावे, कारण सभागृहाखाली आरोपींचा छळ करण्याची खोली अजून तिच्या मूळ जागी आहे, आणि कायदा व यातना यांतील हे अंतर समजावून सांगणारे कोणी सोबत असावे लागते. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर १६३० मध्ये सम्राटाकडे थकलेले वेतन मागण्यासाठी याच शहरात आले आणि नोव्हेंबरमध्ये येथेच वारले. त्यांची कबर तीस वर्षांच्या युद्धात नष्ट झाली. ज्या घरात त्यांनी अखेरचे दिवस काढले, तेथे त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे.

दगडी पुलासाठी दुपारचा मोठा भाग राखून ठेवावा. ११३५ ते ११४६ या काळात बांधलेला हा पूल जवळजवळ आठशे वर्षे डॅन्यूबवरचा या शहराचा एकमेव पूल होता, आणि ११८९ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बरोसा तिसऱ्या ख्रिस्ती धर्मयुद्धासाठी (क्रुसेड) याच शहरातून निघाला. पुलाशेजारी कोळशावर भाजलेले सॉसेज आणि आंबवलेली कोबी मिळते.

नदीच्या प्रवाहाने खाली गेल्यावर वाल्हाला हे थोर जर्मन व्यक्तींचे स्मारक आहे आणि तेथे होडीने जाता येते. हातात एकच दिवस असेल तर तो मोह टाळावा. तेवढ्या वेळात पूल ओलांडून पलीकडच्या श्टाटआमहोफ या वस्तीपर्यंत जावे, कारण कॅथेड्रलचे दोन्ही मनोरे आणि नदीकाठची घरे एकत्र पाहायची तर ती पलीकडूनच पाहावी लागतात.