प्रेसमध्ये बोटं गेल्यावर लावलेला भरपाईचा दावा: माझा अनुभव

कारखान्यात हाताला इजा झाली की सगळं बोलणं मालकाच्या हलगर्जीपणावर येतं. गार्ड काढून ठेवलेला, दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक पाचर मारून कायमचं आत बसवलेलं, सेन्सर बायपास केलेला. माझ्या पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनवर, यातलं बरंच काही होतं. पण कर्मचारी भरपाई अधिनियम 1923 खाली दावा लावताना हलगर्जीपणा सिद्ध करावा लागलाच नाही. लागलं ते वेगळंच: मी तिथे कामाला होतो, अपघात काम करताना कामामुळेच झाला, आणि माझं वय, पगार व अपंगत्व किती. कंपनीचा वकील भांडतो तो याच मुद्द्यांवर.

आधी एक खुलासा. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याऐवजी सामाजिक सुरक्षा संहिता 2020 लागू झाली आहे. माझा अपघात त्याआधीचा, म्हणून इथले कलम क्रमांक आणि नियम जुन्या कायद्याचे आहेत. दुसरं म्हणजे पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि कारखान्याला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू असेल, तर भरपाई ईएसआयकडून मिळते. मालकावर हा दावा चालत नाही. माझा पगार त्या मर्यादेच्या वर होता.

निम्मा दावा दवाखान्यातल्या पहिल्या कागदावर ठरतो. सोबत आलेला सुपरवायझर केसपेपरवर ‘घरी दारात बोट सापडलं’ असं लिहायला सांगतो, ‘पोलीस केस होईल, बिल कंपनी भरेल’ म्हणतो. तिथे ‘कामावर असताना प्रेस मशीनमध्ये हात सापडला’ एवढंच लिहून घ्यायचं, तारीख-वेळेसकट, आणि एमएलसीची, म्हणजे दवाखान्याने पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद झाली का ते विचारायचं. पुढे कोणी कितीही साक्षी दिल्या तरी हा कागद सहसा हलत नाही. कामगार 48 तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही, तर कारखान्याने फॅक्टरी इन्स्पेक्टरला अपघात कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास आपण औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार द्यायची. तिथला पाहणी अहवाल नंतर पुरावा म्हणून मागवता येतो.

मालकाला कलम 10 ची लेखी नोटीस लवकरात लवकर द्यावी लागते. नाव, अपघाताची तारीख, साधं कारण, एवढं पुरतं. पोचपावती जपून ठेवायची. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं.

आता हिशेब, कारण इथेच लोक फसतात. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणक (कायद्याच्या तक्त्यात वयानुसार दिलेला आकडा). पगार त्याहून कितीही जास्त असो, 3 जानेवारी 2020 पासून हिशेबाला महिना 15,000 च धरतात. पस्तीस वर्षांच्या माणसाचा गुणक 197.06. म्हणजे 9,000 गुणिले 197.06, बरोबर 17,73,540 रुपये. एका हाताची दोन बोटं पूर्ण गेली तर कायद्याच्या परिशिष्टात, म्हणजे इजांच्या यादीत, 20 टक्के अपंगत्व धरलंय, म्हणून 3,54,708. नुसता अंगठा गेला तर 30 टक्के. कंपनीने दिलेला आकडा गुणक धरून कायम स्वतः तपासा; वय एक-दोन वर्षांनी वाढवलेलं असलं तरी रक्कम खाली येते. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो, म्हणून औषधाच्या दुकानाचं छापील बिलच घ्यायचं.

परिशिष्टातले टक्के हे शेवटचे असतातच असं नाही. कोपराच्या वरून डावा हात गमावलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने 1976 सालच्या छापील निकालात पूर्ण अपंग धरलं, कारण तो सुतारकाम करू शकत नव्हता. मात्र जास्त मागायचं तर डॉक्टरांनी दाखल्यात हाताचं अपंगत्व नव्हे, कमावण्याची क्षमता किती गेली ते लिहायला हवं, आणि साक्षीला यायला हवं. नुसता दाखला जोडला आणि डॉक्टर आलेच नाहीत, की तो कागद कमकुवत पडतो.

अर्ज नमुना एफमध्ये भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे दावा ऐकून निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जातो; महाराष्ट्रात हे काम बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयच बघतं. अपघात झाला तिथे किंवा आपण राहतो तिथे, कुठेही दाखल करता येतो. ठेकेदारामार्फत कामाला असाल तर मूळ कंपनी, ठेकेदार आणि विमा कंपनी, तिघांनाही पक्षकार करा. ठेकेदार ‘हा माझा माणूसच नाही’ म्हणतो तेव्हा पीएफ पासबुक, गेटपास, बँकेत जमा झालेला पगार आणि हजेरीचे फोटो कामाला येतात.

हलगर्जीपणा परत येतो तो इथे. ‘कामगाराने स्वतःच मुद्दाम गार्ड काढला’ हा कंपनीचा ठरलेला बचाव. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर तो चालत नाही. दोन बोटांच्या केसमध्ये चालू शकतो. अपघातानंतर गार्ड पुढच्या पाळीला चमत्कार झाल्यासारखा जागेवर बसलेला असतो. म्हणून गार्ड नसलेल्या मशीनचे आधीचे फोटो, तासाला अमुक नग काढा असे सुपरवायझरचे मेसेज आणि शेजारच्या मशीनवरच्या सहकाऱ्याची साक्ष मिळवून ठेवायची.

मधल्या काळात कंपनी स्टँप पेपरवर ‘पूर्ण व अंतिम’ लिहून थोडी रक्कम देऊ करते. हक्क सोडून देण्याचा असा करार कलम 17 प्रमाणे रद्दबातल असतो. तडजोड करायचीच असेल तर आयुक्तांकडे नोंदवलेली हवी. ती न नोंदवता मालकाने काही दिलं, तर आयुक्तांनी वेगळा आदेश दिल्याशिवाय त्यातले निम्म्याहून जास्त पैसे पुढच्या भरपाईतून वळते करता येत नाहीत. मालकाला जेवढी रक्कम कबूल आहे तेवढी तरी त्याने आधी जमा करावी, असं कलम 4 अ मध्ये आहे. एक महिन्यात दिली नाही तर वर्षाला 12 टक्के व्याज, आणि कारण पटलं नाही तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. दंड अर्जात स्पष्ट मागा.

निकाल तीन महिन्यांत लावावा असं कायद्यात लिहिलंय. वाचायला छान आहे.

आदेश झाला तरी पैसे आपोआप येत नाहीत. मालकाला उच्च न्यायालयात अपील करायचं तर आधी आयुक्तांकडे पूर्ण रक्कम भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, तर कलम 31 खाली वसुलीचा अर्ज द्यायचा. मग रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. त्या अर्जात कंपनीच्या जागेचा पत्ता आणि बँकेची माहिती द्या. पगार कुठल्या बँकेतून यायचा ते आपल्याच पासबुकात दिसतं.