पाटीवर 'वाइन्स', आत वाइन शोधा

द्राक्षवेलींची ऑक्टोबरची गोडी छाटणी चालू असल्यामुळे मामा काही आले नाहीत. नाशिक रोडला पंचवटी एक्सप्रेसमध्ये एकटाच चढलो. "बाटली इथून कशाला नेतोस? मुंबईत काय मिळत नाही!" एवढं मात्र फोनवर ऐकवलं. मामांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. त्यातली शिराज, म्हणजे वाइनच्या द्राक्षांची एक जात, ते एका छोट्या वायनरीला देतात. तिथं तिच्यात कॅबर्ने सोव्हिन्यो ही दुसरी जात मिसळून लाल वाइन करतात. गिरगावात मित्राकडे जेवायचं होतं, म्हटलं हीच न्यावी.

दादरला उतरलो. पहिल्या दुकानाच्या पाटीवर ठळक 'वाइन्स', जाळीमागे व्हिस्की, रम, बिअर. वाइन म्हटल्यावर काउंटरवरचा म्हणाला, "गोडवाली? पोर्ट?" लोकलने चर्नी रोड, तिथून ठाकुरद्वार. तिथल्या दुकानात वाइन होती, पण सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या अगदी खाली, धूळ खात उभी. माझी नव्हतीच. मग परत लोकल, चर्चगेट, भर उन्हात चालत फोर्ट. चौथ्या दुकानात एकच बाटली निघाली. दुकानदार म्हणाला, "मोठ्या कंपनीचा माणूस दर आठवड्याला येतो. हे लोक दोन पेट्यांसाठी कुठून येणार?" त्यात राज्याबाहेर विकायचं तर दर राज्यात लेबलची नोंदणी वेगळी, फी वेगळी. छोट्याला ते झेपणार कसं?

वायनरीत मागे एकदा पाहिलं होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी होते. दोन्ही जातींचा रस सालींसकट वेगवेगळ्या टाक्यांत आंबवतात आणि मग चाखत चाखत प्रमाण ठरवतात. शिराजचा रंग गडद, चव भरगच्च, मागे काळ्या मिऱ्याची झाक. कॅबर्नेची साल जाड. तिच्यातलं टॅनिन कच्च्या सुपारीसारखं जीभ आवळतं. नुसती शिराज पसरट लागते, नुसती कॅबर्ने हट्टी. हे माझं मत, वाइनमेकरचं नव्हे.

गिरगावात पोचेपर्यंत बाटली कोमट झालेली. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात, पण ती खोली युरोपातली, 16-18 अंशांची. मित्राच्या खोलीत पंखा फुल आणि तरी सगळे घामाघूम. बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये गेली, कोथिंबिरीच्या जुडीला टेकून.

काकूंनी बोंबील तळले होते. कुरकुरीत, गरम. एक तुकडा, वर एक घोट, आणि तोंडात नाणं ठेवल्यासारखी चव! लाल वाइनमधलं लोह आणि मासळीतलं तेल यांचं जमत नाही. मी पेला बाजूला सारला. बोंबील सोडणं शक्यच नव्हतं.

मग कोंबडी-वडे आले. आता मात्र गंमत झाली. रश्श्यातल्या भाजलेल्या खोबऱ्याशी वाइनमधली मिरी गळ्यात गळा घालून बसली आणि टॅनिनची ती सुपारी चटकन विरघळली. काकूंनी चमचाभर चाखली. "द्राक्षासारखी लागतच नाही मेली," म्हणाल्या, आणि पुन्हा चमचा पुढे केला.

रात्री मामांचा फोन आला, "कशी लागली?" मामा माळकरी. स्वतःच्या शिराजची वाइन त्यांनी कधी ओठाला लावलेली नाही.

"मिऱ्याची चव होती, मामा."

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "मी तर द्राक्षंच दिली होती रे त्यांना."